परीक्षकाचा शेरा कोणासाठी?

गेल्या जून महिन्यात माझी पुतणी एक जाडसर फाइल घेऊन आली. ती पुण्यातल्या एका शाळेत आयसीएसईची दहावी करते आहे. बाकी विषयांत ती बरी आहे, पण भूगोलाच्या ऐंशी गुणांच्या पेपरात तिची गाडी पन्नासच्या आसपास अडते. "काका, मी सगळं लिहिते, तरी गुण कापतात. का कापतात तेच कळत नाही," अशी तिची तक्रार होती. फाइलमध्ये मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि परीक्षामंडळाने प्रसिद्ध केलेली त्यांची विश्लेषणे. प्रत्येक प्रश्नाखाली परीक्षकांचा अभिप्राय, मुलांना अवघड गेलेले भाग, शिक्षकांसाठी सूचना आणि अपेक्षित उत्तर, अशी त्यांची मांडणी. तिने ती उघडूनही पाहिलेली नव्हती. मी मात्र त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

त्यामागचे कारण सांगायला हवे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे मी शालेय शिक्षणाची जुनी कागदपत्रे गोळा करतो, त्यातली बरीचशी रद्दीच्या दुकानांतून. या संग्रहात प्रश्नपत्रिका भरपूर आहेत, क्रमिक पुस्तके आहेत, गुणवत्ता याद्याही आहेत. नाहीत त्या उत्तरपत्रिका. ठरावीक मुदतीनंतर त्या नष्ट होतात. त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासात काय विचारले आणि कोण पहिले आले एवढेच उरते. साध्यासुध्या मुलाने उत्तरात काय लिहिले आणि त्याचे कुठे चुकले, याची नोंद फक्त एका ठिकाणी सापडते, ती म्हणजे परीक्षकाच्या अहवालात. या अहवालांचा प्रवास आणि आपल्याकडे ते मुलांपर्यंत कसे पोहोचले किंवा पोहोचले नाहीत, हे इथे मांडायचे आहे.

केंब्रिजची पेटी

शाळेतल्या मुलांची परीक्षा बाहेरच्या, अनोळखी परीक्षकाने घ्यावी ही कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजली. ऑक्सफर्डने १८५८ च्या उन्हाळ्यात अशी परीक्षा घेतली आणि केंब्रिजने त्याच वर्षी १४ डिसेंबरला. केंब्रिजच्या पहिल्या परीक्षेला आठ शहरांत मिळून ३७० मुले बसली. कुलूपबंद पेटीत प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षक रेल्वेने त्या त्या गावी जात. विषयांमध्ये भूगोल पहिल्या वर्षापासून होता.

परीक्षा झाल्यावर परीक्षक आपापल्या विषयाचा अहवाल देत आणि तो छापला जाई. हेतू अगदी व्यावहारिक होता. विद्यापीठाने गावोगावच्या शाळा तपासायला माणसे पाठवलेली नव्हती. मुलांच्या उत्तरांवरून शाळेचे शिकवणे जोखायचे होते. मग त्या उत्तरांत काय दिसले ते शाळेला सांगणे भागच होते. म्हणजे परीक्षकाचा शेरा हा सार्वजनिक परीक्षेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

त्याचा उपयोग कसा होऊ शकतो याचे सर्वात बोलके उदाहरण पाच वर्षांनंतरचे आहे. एमिली डेव्हिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुलींनाही या परीक्षेला बसू द्यावे असा आग्रह धरला. केंब्रिजने १८६३ मध्ये केवळ प्रयोग म्हणून होकार दिला, आणि तोही इतक्या उशिरा की मुली जमवायला डेव्हिसबाईंच्या हाती सहाएक आठवडेच उरले. तरीही ८३ मुली बसल्या. मोठ्या गटातल्या चाळीस मुलींपैकी चौतीस अंकगणितात नापास झाल्या. 'मुलींची बुद्धी गणिताची नव्हेच' म्हणायला टपलेल्यांना आयते कोलीत मिळाले. परंतु परीक्षकांचे मत तसे नव्हते. दोष शिकवण्याचा आहे असे त्यांनी नोंदवले. फ्रान्सिस बस या मुख्याध्यापिकेने आपल्या शाळेतल्या पंचवीस मुली बसवल्या होत्या. तिने हा निकाल मनाला लावून घेतला आणि अंकगणित शिकवण्याची पद्धतच बदलली. १८६५ मध्ये मुलींना रीतसर प्रवेश मिळाला तेव्हा अंकगणितात नापास होणाऱ्यांचे प्रमाण फारच खाली आलेले होते. मुली त्याच वयाच्या आणि तशाच घरांतल्या होत्या. मधल्या काळात नेमके काय चुकते आहे एवढे कळले होते.

भूशिरे आणि उपसागर

भूगोलाचे दुखणे वेगळे होते. त्या काळचा शालेय भूगोल म्हणजे नावांची जपमाळ: देश, राजधान्या, नद्या, भूशिरे आणि उपसागर. इंग्रजीत या पद्धतीला भूशिरे-उपसागरांचा भूगोल असेच कुचेष्टेने म्हणत. आपल्याकडच्या जुन्या मराठी भूगोलांतही हीच जपमाळ दिसते. परीक्षक नावे विचारत, म्हणून शाळा नावे पाठ करून घेत, आणि शाळा नावेच शिकवतात म्हणून परीक्षक दुसरे काही विचारू शकत नसत.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६९ पासून शाळांसाठी भूगोलाची पदकांची परीक्षा चालवली. मोजक्याच शाळांनी ती मनावर घेतली आणि १८८४ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी सोसायटीने जॉन स्कॉट केल्टी यांना भूगोलशिक्षणाची पाहणी करायला सांगितले. मोठमोठ्या परीक्षांत भूगोलाला वजन नाही, म्हणून शाळेच्या वेळापत्रकातही त्याला जागा नाही, असे चित्र त्यांच्या पाहणीतून उभे राहिले. पुढे १८८७ मध्ये हॅलफोर्ड मॅकिंडर यांनी सोसायटीपुढे भूगोलाच्या व्याप्तीविषयी आपला गाजलेला निबंध वाचला. नावांच्या यादीपेक्षा माणूस आणि त्याचा परिसर यांतला कार्यकारणसंबंध हा भूगोलाचा गाभा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८९३ मध्ये भूगोल शिकवणाऱ्यांची जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन झाली. 'कुठे' या प्रश्नाला 'का' ची जोड मिळू लागली, नकाशावाचन आले आणि हळूहळू परीक्षेचे प्रश्नही बदलले.

या बदलाचा एक परिणाम आजही मुलांना भोवतो. 'का' चे उत्तर पाठ करता येते, पण पाठ केलेले उत्तर विचारलेल्या 'का' ला लागू पडेलच असे नाही. भूगोलाच्या पेपरात कष्टाळू मुलांचे गुण जातात ते बहुधा या फटीतून.

आपल्याकडचे बंद दार

केंब्रिजची परीक्षा १८६० च्या दशकातच ट्रिनिदादसारख्या वसाहतींत गेली आणि पुढे हिंदुस्थानातल्या काही इंग्रजी शाळांतही आली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती सोपवण्यासाठी १९५८ मध्ये, म्हणजे पहिल्या परीक्षेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, केंब्रिजच्याच पुढाकाराने एक मंडळ स्थापन झाले. माझ्या पुतणीची परीक्षा घेणारी 'कौन्सिल फॉर द इंडियन स्कूल सर्टिफिकेट एक्झामिनेशन्स' ती हीच. तिच्या फाइलमधल्या विश्लेषणांचे कूळ असे १८५८ च्या अहवालांपर्यंत जाऊन भिडते.

महाराष्ट्रातला मुख्य प्रवाह मात्र दुसरा. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली आणि त्या मूठभर उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिकची जागा पुढे एसएससीने घेतली. या सगळ्या काळात घराघरांतल्या मुलाला परीक्षकाकडून जे मिळाले ते एका आकड्यापलीकडे गेले नाही.

मी १९८५ च्या सुमारास दहावी झालो. भूगोलात काठावरचे गुण मिळाले. ते अन्यायाने मिळाले असे मला तेव्हाही वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. कळले नाही ते इतकेच, की माझे काय चुकले. आमच्या तालुक्याच्या गावात याची उत्तरे एकाच ठिकाणी मिळत. एक सर दरवर्षी पेपर तपासायला जात. 'यंदा आकृतीला नावे न दिलेल्यांचे गुण गेले', 'कारणे द्या मध्ये दोन मुद्दे हवेतच' अशा गोष्टी ते परतल्यावर सांगत. पण त्या त्यांच्या शिकवणीच्या खोलीत सांगितल्या जात, आणि शिकवणीची फी आमच्या घराला परवडणारी नव्हती. बाकीच्यांसाठी बाजारात अपेक्षित प्रश्नसंच होते. परीक्षकाचा अभिप्राय होताच, तो फक्त तोंडी होता आणि ज्याच्या खिशात पैसे त्याच्या कानावर पडत होता.

याची कायदेशीर बाजू मला पुष्कळ उशिरा समजली. १९८० च्या परीक्षेनंतर काही विद्यार्थी आपल्या उत्तरपत्रिका पाहायला मिळाव्यात म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले. मंडळाच्या नियमानुसार विद्यार्थ्याला ना उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क होता ना फेरतपासणीचा. उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे जुलै १९८४ मध्ये मंडळाचा नियम वैध ठरला. लाखो उत्तरपत्रिका दाखवत बसले तर निकालाला शेवटच राहणार नाही, आणि अशी धोरणे जाणकार संस्थांनी ठरवायची असतात, ही त्यामागची भूमिका. व्यवहाराच्या दृष्टीने ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण त्यानंतर दार सत्तावीस वर्षे बंद राहिले.

ते उघडले माहितीच्या अधिकाराने. कोलकात्याच्या एका विद्यार्थ्याने २००८ मध्ये केंद्रीय मंडळाची दहावीची परीक्षा दिली आणि आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मागितल्या. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असा निर्णय दिला. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त ठेवायचे. आज शुल्क भरून छायाप्रत मागवणे दहावी-बारावीच्या मुलांना नवलाचे वाटत नाही. त्यामागे हा इतिहास आहे.

फाइल उघडल्यावर

छायाप्रत निकालानंतर मिळते, म्हणजे परीक्षा हातची गेल्यावर. आदल्या वर्षांच्या मुलांवरचे शेरे परीक्षेपूर्वी वाचता येतात. म्हणून आम्ही काका-पुतणीने एक शिस्त घातली. आधी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचा. मग दोन दिवस तो बाजूला ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तिने परीक्षक होऊन स्वतःचाच पेपर लाल शाईने तपासायचा. आणि त्यानंतरच विश्लेषण उघडायचे. शेरे आधी वाचले की ते सगळे दुसऱ्यांबद्दलचे वाटतात, हे तिच्याच पहिल्या आठवड्याच्या अनुभवावरून ध्यानात आले.

या परीक्षेत सर्वेक्षण खात्याचा स्थलनिर्देशक नकाशा वाचावा लागतो. राजस्थान-गुजरातच्या सीमेवरचा, १:५०,००० प्रमाणाचा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ठिकाण सांगताना आधी उभ्या रेषेचा आकडा द्यायचा आणि मग आडव्या रेषेचा. ती घाईत उलटे लिही. क्षेत्रफळ बरोबर काढी, पण 'चौरस किलोमीटर' लिहायला विसरे. वस्ती विखुरलेली, केंद्रित की रेषाकार, असे विचारले तर वस्ती तिथे का झाली ते लिही. या तिन्ही चुका तिला शेऱ्यांत छापलेल्या सापडल्या. "म्हणजे हे सगळ्यांचंच होतं?" असे तिने विचारले तेव्हा तिच्या आवाजातला अपराधीपणा पहिल्यांदा गेलेला मला जाणवला.

कारणे देण्याच्या प्रश्नांत खरी मौज होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाऊस का पडतो? तिने 'ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे' असे लिहिले होते. हे चूक नाही, पण ते वारे जमिनीवरून येतात, कोरडे असतात. बंगालच्या उपसागरावरून जाताना ते बाष्प उचलतात, ही मधली कडी उत्तरात नव्हती. काळी माती कापसाला का मानवते? 'सुपीक असते म्हणून' असे तिचे उत्तर. सुपीक तर गाळाची मातीही असते. काळी माती ओल धरून ठेवते, हे कारण. आम्ही वहीत एक रकाना 'सुटलेली कडी' या नावाने आखला. दोन महिन्यांत तो चार पाने भरला आणि मग भरेनासा झाला.

तो रकाना पाहताना मला माझा चाळीस वर्षांपूर्वीचा पेपर आठवला. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का, या प्रश्नाला मी मोसमी वाऱ्यांवर दीड पान लिहिले होते. घाट उतरताना हवा खाली येते, तापते आणि म्हणून ढग विरतात, हे एक वाक्य त्यात नव्हते. माझे काय चुकले ते मला असे पुतणीच्या वहीतून समजले.

शेऱ्यांचा धोकाही आहे. शब्दसंख्या आणि मुद्द्यांची मोजणी एवढेच त्यातून उचलले, तर परीक्षकाच्या अपेक्षांची नवी जपमाळ तयार होईल आणि आपण पुन्हा भूशिरांपाशी येऊ. फ्रान्सिस बसने शेरा वाचून मुलींकडून उत्तरे पाठ करून घेतली नाहीत, शिकवणे बदलले. शेरा वाचायचा तो असा.

माझी एक साधी सूचना आहे. दरवर्षी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रत्येक विषयाचे चार पानी मराठी निवेदन निघावे आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचावे. त्यात कोणाचे नाव नको, गुण नकोत. यंदा मुले कुठे अडखळली आणि का, एवढेच असावे. जे आमच्या गावातले सर शिकवणीच्या खोलीत सांगत, ते सर्वांना फुकट कळावे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पुतणीची पूर्वपरीक्षा तोंडावर असेल. फराळाचे ताट बाजूला ठेवून ती परवा नकाशा पसरून बसली होती आणि पेन्सिलीने कडेला लिहीत होती: आधी उभी रेषा, मग आडवी, आणि एकक विसरू नये.