नव्वदीतले दहा जण आणि माझ्या आजीची खुर्ची

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. आजचा विषय स्नायूंचा इतिहास. पण सुरुवात घरापासून करतो.

गेल्या पावसाळ्यात आजीला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात गेले. ताप उतरला, पण नंतर खुर्चीतून उठायचं म्हटलं की दोन्ही हात टेकायचे, नाहीतर मला हाक मारायची. आजी ७९ वर्षांची. घरात सगळ्यांचं एकच मत: "वय झालं आता, आराम करू दे." मीही मान डोलावली आणि संध्याकाळी जिमला जाऊन स्क्वॉट मारले. तिथेच डोक्यात आलं, की अरे, स्क्वॉट म्हणजे खुर्चीतून उठणंच की! मग ते मला चालतं आणि तिला का नाही? घरी येऊन शोधत बसलो.

पहिली गंमत म्हणजे वयानुसार स्नायू झिजतात हे लोक हजारो वर्षं बघत होते, पण त्याला नावच नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला एक परिषद झाली. तिथे अर्विन रोझेनबर्ग म्हणाले, याला नाव द्या, म्हणजे लोक दखल घेतील. त्यांनी सुचवलेला शब्द 'सार्कोपेनिया'. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे कमतरता.

त्याच वर्षी वॉल्टर फ्रोंटेरा आणि सहकाऱ्यांनी ६० ते ७२ वयाच्या १२ पुरुषांना १२ आठवडे जड वजनं उचलायला लावली. त्यांची ताकद वाढलीच, शिवाय मांडीचे स्नायूही जाड झाले. म्हणजे साठीनंतर स्नायू वाढत नाही, ही समजूत चुकीची होती.

पण खरा धक्का १९९० चा. बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धांच्या संस्थेत राहणारे, साधारण नव्वदीतले १० अशक्त लोक निवडले. ८ आठवडे त्यांच्याकडून पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला. जड म्हणजे त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत! ९ जणांनी तो पूर्ण केला. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. दोघांची काठी सुटली. तिघांना हात न टेकता खुर्चीतून उठता येत नव्हतं, त्यातला एक जण उठू लागला. हे वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आजीच्या खोलीत डोकावलो.

आता दुसरी बाजू. व्यायाम थांबवल्यावर फक्त ४ आठवड्यांत त्या लोकांची बरीच ताकद परत गेली. म्हणजे हे औषधाच्या कोर्ससारखं नाही, की घेतलं आणि संपलं.

मग नुसतं खाऊन जमेल का? १९९४ मध्ये फियाटारोन यांनीच १०० वृद्धांवर तपासलं. नुसतं पूरक पेय दिलं, तर स्नायूंची कमजोरी हटली नाही. व्यायाम केला, तर हटली.

याचं कारण पुढे उलगडत गेलं. आपला स्नायू रोज थोडा तुटतो, थोडा बांधला जातो. प्रोटीन खाल्लं की बांधकामाचा सिग्नल जातो. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या मायकल रेनी यांच्या गटाने दाखवलं, की तेवढीच अमिनो आम्लं देऊनही म्हाताऱ्या स्नायूचा प्रतिसाद तरुणापेक्षा कमी येतो. याला 'अ‍ॅनाबॉलिक रेझिस्टन्स' म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद नाहीये, फक्त थ्रेशहोल्ड वाढलाय. व्यायामाने स्नायू पुन्हा त्या सिग्नलला जास्त दाद देतो.

२०१५ मध्ये डॅनियल मूर आणि सहकाऱ्यांनी पुरुषांवरच्या आधीच्या प्रयोगांतून आकडा काढला. एका जेवणात तरुणाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम प्रोटीन पुरतं, तर सत्तरीतल्या माणसाला ०.४० ग्रॅम लागतं. गणित करा. मी ७० किलोचा, म्हणजे मला १७ ग्रॅम. आजी ५० किलोची, तिला २० ग्रॅम! आणि आमच्या घरी उलटंच चाललंय. मला अंडी, पनीर, शेक आणि तिला मऊ भात, पातळ वरण, नाहीतर चहा-बिस्किट.

डॉक्टरांना विचारलं. तिची किडनी ठीक आहे म्हणाले, हरकत नाही. आता दुपारी वरण घट्ट असतं, सोबत वाटीभर दही आणि उसळ. आणि एक दिवसाआड उंच खुर्चीवरून उठ-बस, मी समोर उभा. पहिल्या दिवशी म्हणाली, "मी काय पैलवान होऊ का रे आता?" चार उठबशांत दमली. आज दहा होतात. अजून एक हात टेकतेच, बघू.

तुमच्याही घरात कुणी "वय झालं" म्हणून बसवून ठेवलेलं असेल. बीपी, किडनी, गुडघे यांचं डॉक्टरांना विचारून घ्या आणि त्यांच्यासमोर एक खुर्ची ठेवा. आणि हो, पहिले काही दिवस शेजारी उभे रहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!