मेढ्याची मेढ

वेण्णाकाठचं मेढा हे जावळी तालुक्याचं मुख्य गाव. त्याचं नाव मेंढ्यावरून पडलं असं मानणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. मेंढी, मेंढरू, मेंढपाळ म्हणताना मराठी माणूस नाकातला उच्चार सोडत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा गावानंही तो जपला आहे. मोडी लिहिणारे अनुस्वार सर्रास गाळत, तेव्हा तो कागदावर हरवला असेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण गावाचं नाव तोंडातोंडी चालत येतं, दप्तरातून नव्हे. म्हणून माझा कौल ‘मेढ’ला, म्हणजे रोवलेल्या खांबाला. मेढेकोटातली मेढ तीच, आणि खळ्याच्या मधोमध बैल बांधायची संस्कृतातली मेढी किंवा मेथीही तीच.

याच मेढीची उपमा भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला दिली आहे: मळणीचे बैल खांबाभोवती आपापल्या अंतरावर फिरतात, तशी ग्रहनक्षत्रं ध्रुवाभोवती. बांधून ठेवतो खांब, पुढे ढकलतो वारा. ही दोन कामं वेगळी काढणं मला फार मोलाचं वाटतं, कारण बलाचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

वाटोळं फिरणाऱ्याची चाल तेवढीच राहिली तरी दिशा सतत बदलते. म्हणजे त्वरण असतं, आणि ते मध्याकडे असतं. हे खेचणारं अभिकेंद्री बल न्यूटननं 1687 साली मांडलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. एका पातीतले दोन बैल घ्या, एक मेढीपासून 1 मीटरवर, दुसरा 3 मीटरवर. फेरा दोघांचा एकाच वेळात होतो, म्हणून बाहेरच्याची चाल तिप्पट, आणि त्वरणही तिप्पट. 300 किलोचा बाहेरचा बैल सेकंदाला 0.9 मीटर चालला, तर त्वरण 0.27 आणि बल 81 न्यूटन, म्हणजे सुमारे 8 किलोचं ओझं हातात धरावं तेवढं. आतल्या तेवढ्याच वजनाच्या बैलाला 27 न्यूटन पुरतात.

कोणी म्हणेल, बैलाला दावं खेचत नाही, तो खुरांनी जमीन रेटून वळतो. खरं आहे. पण आतल्या दिशेचं बल दाव्यातून आलं काय किंवा खुरांखालून आलं काय, बेरीज तेवढीच भरावी लागते. भागवताची उपमा अडते ती वाऱ्यापाशी. खळ्यात कणसांवर पाय रुततात, म्हणून बैलाला मागून हाकावं लागतं. ग्रहाला अडवणारं काही नाही. त्याला पुढे हाकणारा लागत नाही, फक्त आत ओढणारा लागतो.