कॉम्रेड डांगे : उदय आणि अस्त

हिंगोली व आसपासचा मुलूख १९४८ सालीं निजामी राजवटींतून मुक्त झाला, १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत सामील झाला. हें एकीकरण घडवून आणणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या धुरीणांत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचें नांव अग्रभागीं येतें. मराठवाड्याच्या भाग्याशीं असा संबंध आलेल्या या पुरुषाचा उत्कर्ष जितका विलक्षण, तितकाच त्याचा अस्तही.

१८९९ सालीं नाशिक जिल्ह्यांतील करंजगांवीं त्यांचा जन्म झाला. असहकाराच्या लाटेंत त्यांनीं कॉलेज सोडलें. १९२१ सालीं गांधी व लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली आणि पुढील वर्षीं ‘सोशालिस्ट’ हें साप्ताहिक काढलें. १९२४ च्या कानपूर खटल्यांत त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून येतांच १९२८ सालीं मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणी कामगारांचा प्रचंड संप त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चालविला. लाल बावटा गिरणगांवांत रुजला तो तेव्हांपासून. मागोमाग मीरतचा खटला आला. पण तुरुंगवासानें त्यांचें वजन वाढलेंच.

१९५७ सालीं ते मुंबईंतून लोकसभेवर निवडून आले. १९६२ सालीं अजय घोष वारल्यावर पक्षाध्यक्षपद निर्माण होऊन तें डांग्यांकडे आलें व पुढें अनेक वर्षें त्यांच्याकडेच राहिलें.

परंतु शिखरावरच भेग पडली. चीनच्या आक्रमणाच्या वेळीं त्यांनीं नेहरू सरकारची बाजू घेतली, तेणेंकरून पक्षांत दुही माजली. १९६४ सालीं, १९२४ च्या तुरुंगवासांत इंग्रज सरकारला त्यांनीं लिहिल्याचीं म्हणून सांगण्यांत आलेलीं पत्रें प्रसिद्ध झालीं. तीं बनावट असल्याचें डांग्यांनीं सांगितलें. तथापि एप्रिलमध्यें राष्ट्रीय समितीचे ३२ सभासद सभात्याग करून गेले आणि त्याच वर्षीं मार्क्सवादी पक्ष निराळा निघाला.

उरलेल्या पक्षानें काँग्रेसशीं सहकार्य केलें, आणीबाणीलाही पाठिंबा दिला. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनांत मात्र ती चूक असल्याचें पक्षानें मान्य केलें. डांगे आपल्या मतापासून ढळले नाहींत. ज्या पक्षशिस्तीचे ते एकदां रक्षक होते, तीच आतां त्यांच्यावर उलटली. १९८१ सालीं त्यांना पक्षांतून काढण्यांत आलें. कन्या रोझा देशपांडे यांच्या पुढाकारानें निघालेल्या नव्या पक्षाला बळ चढलें नाहीं.

लगेच जानेवारी १९८२ मध्यें मुंबईच्या गिरण्यांत पुन्हां प्रचंड संप झाला. परंतु या वेळीं कामगारांनीं नेता निवडला तो डॉ. दत्ता सामंत. डांग्यांची खरी पदच्युति हीच म्हणावी लागेल. अध्यक्षपद पक्षानें दिलें होतें, तें पक्षानें काढून घेतलें; परंतु गिरणगांवाचें पुढारीपण त्यांनीं ऐन तारुण्यांत स्वतः कमावलें होतें, आणि दिल्लीच्या राजकारणांत तें हळूहळू हातचें गेलें. २२ मे १९९१ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. पद जाण्यापूर्वीं माणसें गेलेलीं असतात, हा या चरित्राचा बोध प्रत्येक पक्षाच्या पुढाऱ्यानें ध्यानीं घेण्याजोगा आहे.