प्रवाळ-जलजीवालय

प्रवाळ-जलजीवालय : उष्ण समुद्रातील प्रवाळ आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे व इतर प्राणी जिवंत ठेवण्यासाठी खाऱ्या पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीस ही संज्ञा लावतात. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या पेटीहून ते मूलतः निराळे आहे. येथे मासे दुय्यम असून मुख्यतः पाणीच जतन करावयाचे असते. त्यामुळे या टाकीचा इतिहास हा बव्हंशी समुद्रापासून दूर राहून समुद्राचे पाणी राखण्यास माणूस कसा शिकला, याचाच इतिहास आहे. [⟶ प्रवाळ].

दगडी प्रवाळ किनाऱ्यापासून दूर जगविण्याच्या आद्य यशस्वी प्रयत्नांत ॲना थिन (१८०६–६६) या इंग्रज महिलेचा प्रयत्न महत्त्वाचा आहे. १८४६ मध्ये तिने टॉर्की येथील किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले. हे अंतर सरळ रेषेत सु. २६५ किमी. भरते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावे लागे व हे काम घरातील मोलकरणीकडे असे. पुढे सागरी वनस्पती सोबत ठेवल्यावर हे कष्ट कमी झाले. फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ च्या सुमारास चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्यात कॅल्शियमाचा समावेश नव्हता. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचाच असल्याने ही उणीव लहान म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील सामान्य माणसाला सागरी जीवांचे काचेआड दर्शन घडले ते मुख्यतः मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवरील ही वास्तू १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुली झाली. तिच्यासाठी सु. आठ लाख रुपये खर्च आला व त्यांपैकी दोन लाख रु. डी. बी. तारापोरवाला यांनी देणगीदाखल दिले. सहलीनिमित्त मुंबईस आलेल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ते पाहिले. परंतु समुद्र तेथे रस्त्यापलीकडेच होता. ती सोय नसलेल्या गावी काय करावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडकांची पद्धत प्रसिद्ध केली. सूक्ष्मजीवांनी व्यापलेले सच्छिद्र खडक टाकीत ठेवले की, माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा विषारी अमोनिया ते सूक्ष्मजीवच निकामी करतात, असे तिचे तत्त्व आहे. त्याच दशकात तयार सागरी क्षारमिश्रणे बाजारात आली. तसेच काच सिलिकोनाने सांधता येऊ लागल्याने खाऱ्या पाण्यात गंजणाऱ्या लोखंडी चौकटीही मागे पडल्या. १९७० नंतर जर्मनीत पेटर व्हिल्केन्स यांनी कॅल्शियम पुरविण्यासाठी चुन्याच्या निवळीचा वापर रूढ केला. आपल्याकडे घरगुती औषधात परिचित असलेली हीच निवळी; मात्र पानाचा चुना त्यासाठी वापरू नये, कारण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

जामनेर (जि. जळगाव) येथे हा प्रश्न पूर्ण तीव्रतेने उभा राहतो. सर्वांत जवळचा समुद्रही तेथून तीनशे किमी.हून अधिक दूर आहे. पूर्वी खानदेशात समुद्र आला तो लमाणांच्या बैलांवरून मिठाच्या रूपाने आणि सुक्या बोंबलांच्या रूपाने. जिवंत समुद्र तेथे घरातच बनवावा लागतो. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते व त्यातील नायट्रेटांमुळे शैवल माजते. म्हणून व्यस्त परासरणाने शुद्ध केलेले पाणीच घ्यावे लागते. १८० × ६० × ६० सेंमी. आकाराच्या टाकीत सु. ६५० लि. पाणी मावते आणि लिटरला ३५ ग्रॅ. या प्रमाणात सु. २३ किग्रॅ. क्षारमिश्रण लागते. केवळ खाण्याचे मीठ घालून समुद्र होत नाही. काच, खडक व पाणी मिळून भार पाऊण टनाहून अधिक होतो. सिमेंटच्या जोत्यावर तो सहज पेलतो. जुन्या धाब्याच्या घराच्या माडीवर ठेवणे धोक्याचे आहे.

एवढी मोठी टाकी नवी घेणे महाग असल्याने ती बहुधा जुनी मिळविली जाते. मोठ्या टाक्या विकावयास निघतात त्या सामान्यतः त्यांची निगा झेपेनाशी झाल्यावर, ही गोष्ट घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी. काच टिकते, पण सांध्यातील सिलिकोन जुने होऊन सुटू लागते. त्यामुळे टाकी अंगणात सपाट जागी काठोकाठ भरून काही दिवस पाहणे इष्ट असते. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पूर्वीच्या मालकाने माशांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरले असल्यास ते चुनखडीच्या वाळूत व खडकांत शोषले जाते आणि पुढे हळूहळू सुटून प्रवाळ व कोळंबी यांना मारते. माशांना मात्र काही होत नाही, म्हणून कारण लवकर उमगत नाही. जुनी वाळू ढवळली असता तळातील कुजका गाळ व हायड्रोजन सल्फाइड वर येतात. ती टाकून द्यावी. नव्या पाण्यात सूक्ष्मजीवांचे चक्र बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अधीरपणे पहिल्याच आठवड्यात मासे सोडल्याने जितके जीव मेले, तितके रोगानेही मेले नसतील.

पाणी जमले तरी उन्हाळा उरतो. प्रवाळांना २४° ते २७° से. तापमान मानवते. ३०° से.च्या वर ते बराच काळ राहिल्यास ऊतकांतील सहजीवी शैवले निघून जातात व प्रवाळ पांढरे पडतात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५° से. पर्यंत चढतो. तेथील कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला की, कूलरप्रमाणे बाष्पीभवनाने थोडा गारवा येतो. पण रोज काही लिटर पाणी उडून जाते. क्षार मागेच राहत असल्याने ही तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरावयाची असते. वीज गेल्यास गरम पाण्यातील प्राणवायू काही तासांतच संपतो. त्यामुळे शीतकाखेरीज विजेची पर्यायी सोयही करावी लागते.

टाकीत काय ठेवावे, हे केवळ मालकाच्या मर्जीवर नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती रचणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व सागरी पंखे यांचा २००१ मध्ये समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३) आंतरराष्ट्रीय सूचीतील परदेशी जीव बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन घातले. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळांना यामुळे कायद्याचे संरक्षण आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या मोजक्या वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा शासकीय यंत्रणेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. जुन्या टाकीसोबत ‘खडकांसह’ म्हणून मिळणाऱ्या ढिगात बहुधा प्रवाळांचे सांगाडे असतात. त्यामुळे काच, स्टँड व पंप तेवढे घेऊन खडक नाकारावेत आणि भट्टीत भाजलेले किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरावेत.