शेवटच्या कडव्यातलं नाव: वामनदादा कर्डक

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकवर बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की आपल्याकडे असं कोण? म्हणजे स्वतः लिहिणार, स्वतः गाणार, गावोगाव फिरणार, आणि गाणं साध्या माणसाच्या जगण्याचं. माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. मी भिवंडीत वाढलोय, आणि १४ एप्रिलला आमच्याकडे पहाटेपासून ज्यांची गाणी वाजतात त्यातला मोठा वाटा एकाच माणसाचा आहे. लोककवी वामनदादा कर्डक.

आजचा भाग त्यांच्यावर. पण माझा एक प्रश्न आहे आणि चरित्र मी त्याच्या अंगाने सांगणार आहे. ज्या माणसाला विशीच्या उंबरठ्यापर्यंत अक्षरओळख नव्हती, ज्याचं पहिलं पुस्तक पहिल्या गाण्यानंतर ३० वर्षांनी आलं, त्याची गाणी इतकी वर्षं त्याच्याच नावावर कशी राहिली? आणि आता ती तशी राहतायत का?

सुरुवातीचा भाग पटकन सांगतो. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. सिन्नरचा पट्टा तेव्हाही कमी पावसाचा. घर महार समाजातलं, शाळा नाही. मग जे त्या काळी हजारोंनी केलं तेच, मुंबई गाठली. गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, फिरून खाऊ विकला, सिनेमात गर्दीतला एक्स्ट्रा म्हणूनही उभे राहिले. राहायला शिवडीची बीडीडी चाळ, आणि तिथेच समता सैनिक दलाशी संबंध आला.

आता त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग, जो ते स्वतः सांगत. चाळीतल्या कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिलं, जरा वाचून दाखवा म्हणून. अंगाने धडधाकट, दलाचा कार्यकर्ता, म्हणजे वाचता येत असणारच असं त्या माणसाला वाटलं. येत नव्हतं. ते फार लागलं त्यांना. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडे बाराखडी शिकले. जोडाक्षरं मात्र रस्त्यावर शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. मला हा तपशील फार आवडतो. मुंबईच्या पाट्यांवर जोडाक्षरांची काय कमी? ‘वस्त्र भांडार’, ‘मिष्टान्न’, ‘छत्री दुरुस्ती’. चालत राहायचं आणि एकेक सोडवत जायचं.

पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. राणीच्या बागेत बसून, एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन. चाळीत म्हणून दाखवलं, लोक हसले, टाळ्या पडल्या. म्हणजे अक्षरं गिरवणं आणि गाणं रचणं यांत जेमतेम काही काळाचं अंतर.

इथे थोडं थांबूया, कारण ‘चाल तर सिनेमाचीच’ असं नाक मुरडून बोलणारे भेटतात. मागच्या भागातला वुडी गथ्री आठवा. त्याचं अमेरिकेत सगळ्यांत गाजलेलं गाणं १९४० चं, आणि त्याची चाल कार्टर फॅमिलीच्या आधीच्या एका गाण्यावरून आलेली. फिरत्या गायकाचं गणित सरळ असतं. हार्मोनियम एक, ढोलकी एक, तालमीला वेळ नाही, समोर दिवसभर राबलेले लोक. चाल त्यांच्या ओठावर आधीच असेल तर सगळं लक्ष शब्दांवर जातं, आणि धृपद दुसऱ्या वेळेला अख्खी वस्ती म्हणते. नवी चाल बसवायला लागणारा वेळ वाचला, तो वामनदादांनी शब्दांना दिला.

शिवाय त्यांच्या आधी एक वाट तयार होती. सत्यशोधकांचे जलसे, आणि त्यातून पुढे आलेले आंबेडकरी जलसे. तमाशाचाच साचा घ्यायचा, पण आत विषय पाण्याचा, शाळेचा, मंदिरप्रवेशाचा. यातलं मोठं नाव भीमराव कर्डक. तेही नाशिककडचे. आडनाव एक असल्याने लोक या दोघांची सर्रास गल्लत करतात, ती कृपया करू नका. भीमराव आधीचे, जलशाचे. वामनदादा नंतरचे, आणि त्यांनी जलशाचा फार्स आणि वग मागे ठेवून एकट्या गाण्याला पुढे आणलं.

१९५६ साल आलं. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा, आणि पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नवा धम्म घेतलेले लाखो लोक, त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, आणि समजावून सांगणारा माणूस निघून गेलेला. ग्रंथ होते, पण ते वाचणार कोण? हे काम गाण्याने केलं. वामनदादा एसटीने, बैलगाडीने, पायी फिरले. संसाराचं सुख त्यांना कमी मिळालं, पहिलं लग्न टिकलं नाही, लहान लेक गेली. फिरणं मात्र चालू राहिलं.

आणि गाणी नुसती जयजयकाराची नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. बड्या उद्योगपतींची नावं घेऊन ‘यात आमचा हिस्सा कुठला’ असा हिशेब मागणारं त्यांचं गाणं आहे. भिवंडीत पॉवरलूमच्या खडखडाटात दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला ते ऐकवा, त्याला समजावून सांगायला लागत नाही. अनुयायांनाच आरसा दाखवणारी गाणी आहेत, बाबासाहेबांचं नाव घेता पण वागता कसे, असं तोंडावर विचारणारी. ज्यांच्या जिवावर कार्यक्रम व्हायचा त्यांनाच हे सुनवायचं, आणि त्यांनी पुन्हा बोलवायचं! सिनेमासाठीही त्यांनी लिहिलं. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ मध्ये त्यांचं एक गाणं आहे. हा सिनेमा पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. पण सिनेमाच्या दिशेने ते फार गेले नाहीत.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पहिलं गाणं १९४३ चं, पहिला संग्रह ‘वाटचाल’ १९७३ चा. मग ‘मोहळ’ १९७६, ‘हे गीत वामनाचे’ १९७७. मधली ३० वर्षं ही हजारो गाणी होती कुठे? वह्यांत, आणि लोकांच्या तोंडात. गाणं कुणी मागितलं की ते देऊन टाकत. दुसऱ्या गायन पार्ट्या ती गात. अशा परिस्थितीत कुणाचं काय हे पाच-दहा वर्षांत धुऊन जायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण सही गाण्याच्या आत होती. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो.

ही युक्ती जुनीच. तुकोबांच्या, चोखोबांच्या अभंगात नाव येतं तेच. मराठीत तिला नाममुद्रा म्हणतात. आमच्या भिवंडीत मुशायऱ्याला गेलात तर शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस घेतो, आणि तो येताच श्रोते दाद देतात. वामनदादांच्या बाजूला कव्वालीचे सामनेही होत होते, त्यामुळे दोन्हीकडचे संस्कार तिथे भेटतात असं मला वाटतं. तांत्रिक भाषेत सांगू? ‘वामन’ म्हणजे चार मात्रा. ते काढून दुसऱ्याचं नाव घालायचं तर तेही चार मात्रांचं हवं, आणि आजूबाजूचा अर्थ, यमक न बिघडता बसायला हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला लगेच ठेच लागते. आम्ही फाइल बदलली गेली का हे तपासायला चेकसम लावतो, तोच प्रकार. फक्त हा चेकसम निरक्षर माणसालाही कानाने तपासता येतो.

याच्या शेजारी अमेरिकेतली गोष्ट ठेवून बघा. १९२७ च्या जुलैमध्ये राल्फ पीअरने टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं यंत्र लावलं, आणि कार्टर फॅमिली व जिमी रॉजर्स दोघंही तिथेच पहिल्यांदा जगासमोर आले. पीअरला अशी गाणी हवी असायची ज्यांचा कॉपीराइट नोंदवता येईल. मग ए. पी. कार्टर डोंगराळ भागात घरोघर फिरून गाणी गोळा करू लागला. त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल, एक कृष्णवर्णीय गिटारवादक. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. गाणी नोंदली गेली कार्टरच्या नावावर. म्हणजे तिथे कागद होता, कायदा होता, आणि त्या कागदानेच रिडल आणि डोंगरातले ते अनाम लोक पुसून टाकले. इथे कागद नव्हता, पण नाव राहिलं. एवढ्यावरून आपली पद्धत श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. कार्टरला पैसे मिळाले. वामनदादांना नाव मिळालं आणि बिदागी.

आता अडचण. नाममुद्रा टिकते, पण एका अटीवर. गाणं शेवटपर्यंत गायलं गेलं पाहिजे.

८० च्या दशकात कॅसेट आली. भीमगीतं घराघरांत गेली, प्रल्हाद शिंदेंसारखा आवाज मिळाला. प्रल्हाद शिंदे तर आमच्या शेजारचे, कल्याणचे. पण कॅसेटच्या वेष्टनावर मोठा फोटो आणि मोठं नाव गायकाचं. ठीक आहे, निदान गाणं पूर्ण असायचं. डीजे आल्यावर तेही गेलं. धृपद, एक कडवं, मध्ये बीट, पुन्हा धृपद, आणि पुढचं गाणं. शेवटचं कडवं कापलं जातं, आणि त्याबरोबर सही जाते. कुणाच्या मनात वाईट हेतू नसतो. मिरवणूक पुढे सरकवायची असते, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आला. मी इंजिनिअर, म्हणून हे काम माझ्याकडे. एमपी३ फाइलच्या आत माहितीचे रकाने असतात: गायक, अल्बम, संगीतकार. आणि गीतकारासाठी स्वतंत्र रकाना आहे, प्रमाणातच आहे, कुणी उपकार म्हणून जोडलेला नाही. तो जवळपास सगळीकडे रिकामा. फाइलींची नावं ‘जयंती स्पेशल मिक्स नवीन’ अशी. मग मी आमच्या गल्लीतल्या एका काकांना घेऊन बसलो. पूर्वी लूमवर कामाला होते, गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. मी धृपद लावायचो, ते हाताने थांब म्हणायचे आणि उरलेलं गाणं स्वतः म्हणायचे, संथपणे, शेवटच्या कडव्यापर्यंत. ‘वामन’ आला की माझ्याकडे बघायचे, मी रकाना भरायचो. कधी ‘वामन’ ऐवजी भलतंच नाव यायचं, तेव्हा ते अमुक कवीचं म्हणून सांगायचे. नाव घेतल्याशिवाय गाणं सोडायचं नसतं अशी त्यांच्या पार्टीची शिस्त होती. मी मुलांना विचारलं हे गाणं कुणाचं, तर उत्तर गायकाचं नाव. काकांच्या वयाच्या कुणालाही विचारलं तर उत्तर वामनदादा.

कायद्याचंही सांगतो, कारण ‘लोकगीत आहे, कुणाचंही आहे’ असं बिनधास्त म्हटलं जातं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कवीच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतात. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, म्हणजे हे हक्क २०६४ संपेपर्यंत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकाराचा मानधनातला वाटा आणखी पक्का केला. लोककवीचं गाणं लोकांचं असतं हे भावना म्हणून बरोबर आहे. हिशेब म्हणून ते लोकगीत नाही. त्याला लिहिणारा आहे, त्याची तारीख आहे.

त्यांचं आत्मकथन ‘माझ्या जीवनाचं गाणं’ १९९६ मध्ये आलं. मिळालं तर जरूर वाचा. आणि यूट्यूबवर त्यांची गाणी शोधाल तेव्हा मिक्स सोडून जुन्या, पूर्ण रेकॉर्डिंगकडे जा, हार्मोनियम-ढोलकीवाल्या. शेवटच्या मिनिटापर्यंत थांबा.

आमच्या मंडळात यंदा एक गोष्ट ठरलीये. मिरवणुकीत डीजे वाजेल तो वाजेल, पण आदल्या रात्री वस्तीत तासभर माइकवर गाणी होतील, पूर्ण. काका हार्मोनियमवर असतील. त्याचं रेकॉर्डिंग झालं की इथे टाकतो. पुढच्या भागात भीमराव कर्डक आणि त्यांचे जलसे.