बोलण्यावर पीएचडी : आयोवा, म्हैसूर आणि आपली परभणी

हेडफोन हाताशी नसेल तर आजचा भाग इथं वाचून काढा.

परभणी जिल्ह्यात ‘पीएचडी’ म्हटलं की कृषी विद्यापीठच डोळ्यासमोर येतं. १९७२ सालचं. ‘परभणी मोती’ ज्वारी आणि ‘परभणी क्रांती’ भेंडी तिथलीच. आपल्या मातीत काय टिकतं हे आपल्याच मातीत शोधावं लागतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. मग आपल्या बोलण्याचं काय? पोरगं अडखळतं, कुणाची टाळू फाटलेली असते, लकवा मारल्यावर आजोबांचे शब्द जातात. यावर संशोधन कोण करतं, आणि कुठल्या मराठीत?

या शास्त्राचा इतिहासही एका शेतीच्या राज्यातूनच सुरू होतो. अमेरिकेतलं आयोवा, मक्याचा मुलूख. तिथल्या विद्यापीठात ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनी १९२४ मध्ये पीएचडी केली. वाचादोषांवर काम करण्यासाठी खास तयार झालेले पहिले संशोधक म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढं वेंडेल जॉन्सन आले. ते स्वतः अडखळत बोलायचे आणि त्यांनी आयुष्यभर त्याच विषयावर काम केलं.

पण याच जॉन्सन यांच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये एक वाईट प्रयोग झाला. अनाथाश्रमातल्या काही मुलांना, ज्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती त्यांनाही, ‘तू अडखळतोस’ असं वारंवार सांगितलं गेलं. त्यातली काही मुलं बोलायलाच बिचकू लागली. विद्यापीठानं जाहीर माफी मागितली ती थेट २००१ मध्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता आपल्याकडं येऊ. १९६५ मध्ये म्हैसूरला वाक् आणि श्रवण संस्था उभी राहिली, आयश. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयातही या विषयाचं पदवी शिक्षण सुरू झालं. म्हैसूर विद्यापीठातून प्रतिभा कारंत यांनी १९८० मध्ये पीएचडी केली. मेंदूला इजा झाल्यावर भाषा कशी बिघडते, हा त्यात एक मुख्य मुद्दा. त्याच सुमारास त्यांची कन्नडमधली ‘लिंग्विस्टिक प्रोफाइल टेस्ट’ आली. म्हणजे कन्नड बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी कन्नडच्याच व्याकरणावर करायची सोय झाली. पीएचडी म्हणजे कपाटातला जाड ग्रंथ, असं समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरे आहे.

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. हे अली यावर जंग कोण? हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, आणि १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल. १९४८ पर्यंत परभणीही हैदराबाद संस्थानातच होती. म्हणजे नावाच्या पाटीपुरतं का होईना, आपलं नातं आहे.

कायदा मात्र सावकाश चालला. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानं या व्यवसायाला नोंदणी आली. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात श्रवणदोष होता, पण वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं मोजलं गेलं ते २०१६ च्या कायद्यात.

आता मुद्द्याची गोष्ट. माझं गाव चुडावा, पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. इथलं पोरगं ‘पानी’ म्हणतं, ‘काय करायलास’ विचारतं. तिकडं वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. प्रमाण मराठीची फूटपट्टी लावली तर यातला ‘न’ चूक, क्रियापद चूक, ‘य’ चूक. पण हा दोष नाही, ही बोली आहे. उलटंही होतं : ‘गावाकडचं बोलणं आहे, सुटेल’ म्हणत खरा दोष वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. दोन्हीकडं नुकसान पोराचंच. आणि निरोगी मुलाला ‘तुझं बोलणं चुकतं’ असं ऐकवत राहिलं की काय होतं, ते आयोवानं दाखवलंय.

चुडाव्याचं चार वर्षांचं मूल साधारण कुठले आवाज काढतं, किती लांब वाक्य बोलतं, हे कुणीतरी गावोगाव बसून नोंदवायला हवं. हाच पीएचडीचा विषय आहे, आणि तो करायला ही बोली कानात असलेलं माणूस लागतं.

वाट अशी : बारावी सायन्स, मग ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी, त्यात शेवटी इंटर्नशिप, मग दोन वर्षांची मास्टर्स, आणि त्यानंतर पीएचडीची प्रवेश परीक्षा. आयशमध्ये पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिपही मिळते. माझ्यासारख्या बीटेकवाल्यांना थेरपिस्ट होता येत नाही, पण आवाजाच्या तंत्रज्ञानातून शिरता येतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत मुलांचं मोठ्यानं वाचन संगणकानं तपासण्यावर काम झालंय. आणि त्या संगणकालाही ‘करायलास’ आधी ऐकवावं लागेल, नाहीतर तोही चूकच म्हणणार.

ज्वारीचं वाण आपण बाहेरून आणून बसलो नाही, इथंच तयार केलं. बोलण्याची फूटपट्टीही इथंच तयार होऊ शकते. बारावीला असलेलं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्याला पाठवा. हे असंही करिअर असतं, हे आपल्या भागात अजून फार जणांना माहीतच नाही.

भेटू पुढच्या भागात!