शीव, सडक आणि शिपाई

सत्ताधाऱ्यांची भांडणें बहुधा अधिकारासाठीं होतात. हा मुलूख माझा, हा कर माझा, हा गुन्हेगार माझ्याच न्यायासनापुढें उभा राहिला पाहिजे, अशा हक्काच्या वादांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु राज्यकारभारांत आणखी एका जातीचें भांडण असतें, व इतिहासकार त्याची दखल क्वचितच घेतात. त्यांत 'हें माझें' असें कोणीच म्हणत नाहीं. 'हें तुमचें' असें दोन्ही पक्ष एकमेकांस सांगत असतात. सडकेवर गाडी उलटते, माणसें जखमी होऊन पडतात, आणि भोंवतीं जमलेल्या लोकांच्या कानीं जो पहिला सरकारी शब्द पडतो तो कित्येकदां 'हद्द' हा असतो. हा शब्द आपल्या पोलिसी व्यवहारांत कसा रुजला व त्याच्या अर्थांत कालपरत्वें काय फरक पडला, हें पाहिलें म्हणजे आजच्या अपघातांच्या प्रश्नाचें एक अंग स्पष्ट होतें. म्हणून त्याचा थोडा मागोवा येथें घ्यावयाचा आहे.

इंग्रजी अंमल बसण्यापूर्वीं आपल्याकडील खेड्यापाड्यांचा बंदोबस्त गांवकीच्याच हातीं होता. पाटील हा गांवचा मुख्य, आणि महार, रामोशी, भिल्ल हे ठिकठिकाणचे जागले. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत ह्या जागल्यांच्या कामाचें वर्णन आहे. गांवांत चोरी झाली म्हणजे जागल्यानें चोराच्या पाउलांचा माग काढीत जावयाचें. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचला कीं त्या गांवच्या जागल्यास बोलावून तो दाखवावयाचा. त्यानें तो पत्करला म्हणजे पहिला सुटला. पुढें दुसऱ्यानें तिसऱ्याच्या शिवेपर्यंत जावयाचें. ज्या गांवांत माग हरवेल त्या गांवावर चोरीची जोखीम येई.

ही पद्धति निर्दोष होती असें नाहीं. माग हरवला एवढ्याच कारणानें निरपराध गांवास भुर्दंड पडे, आणि रात्रीबेरात्रीं रानांतून फिरण्याचा सारा भार समाजांतील अगदीं खालच्या पायरीवर ठेवलेल्या लोकांच्या शिरावर होता. तथापि तिच्यांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शीव ही काम सोंपविण्याची जागा होती. दुसरा माणूस येऊन उभा राहीपर्यंत पहिल्याला माघारीं फिरतां येत नसे. फिरला तर जोखीम त्याच्याच गांवावर राही. म्हणजे दोन हद्दींच्या मधली रिकामी जागा त्या व्यवस्थेला ठाऊकच नव्हती.

इंग्रजांनीं हा व्यवहार कागदावर आणला. मुंबई इलाख्यांत १८६७ च्या ग्रामपोलिसांच्या कायद्यानें पोलीस पाटलाचीं कर्तव्यें लिहून ठरविलीं. गांवांत कोणी अकस्मात् मेला तर गांवांतील दोन किंवा अधिक समंजस माणसें जमवून मरणाच्या कारणाची चौकशी पाटलानें करावी, असें त्यांत होतें. पुढें १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें ठाण्याच्या स्थलसीमेला तपासाचा पाया केलें. ज्या ठाण्याच्या टापूंत गुन्हा घडला त्या ठाण्याच्या अधिकाऱ्यानें तपास करावा, हा नियम वाजवीच होता. ज्या जगासाठीं तो केला होता तें जग एका जागीं बसलेलें होतें: शेत हललें नाहीं, घर हललें नाहीं, आणि साक्षीदारही बहुधा त्याच पंचक्रोशींत राहात. माणसें मात्र तेव्हांही थोडींच होतीं व त्यांची किंमतही थोडीच होती. १९०२-०३ सालीं बसलेल्या फ्रेझर कमिशननें शिपायाला महिना निदान आठ रुपये तरी मिळावे अशी शिफारस केली, ह्यावरून त्यापूर्वींच्या स्थितीची कल्पना वाचकांनींच करावी.

ह्या बसलेल्या जगांतून पहिली लांब रेघ ओढली ती आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली, आणि पुढील दहा वर्षांत रूळ बोरघाट चढून गेले. रुळांचा मार्ग जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडीत जातो. तेव्हां त्याचा बंदोबस्त जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठाण्यांनीं करावयाचा कीं मार्गासाठींच वेगळें दल उभारावयाचें, हा प्रश्न लवकरच उत्पन्न झाला. त्याचें उत्तर म्हणून लोहमार्ग पोलीस निर्माण झाले. त्यांचीं ठाणीं स्वतंत्र, गुन्हे नोंदविण्याचा अधिकार स्वतंत्र, तपासही त्यांचाच. पुढें १९५७ च्या कायद्यानें रेल्वेच्या मालमत्तेसाठीं केंद्राचें रेल्वे संरक्षण दल उभें राहिलें, आणि एकाच फलाटावर दोन गणवेश दिसूं लागले. त्यांच्यांतही हद्दींचे खटके उडतात. परंतु रुळांवर मनुष्य मेला तर त्याचा कागद कोणी करावयाचा, ह्याचें एक ठाम उत्तर लोहमार्गानें देऊन ठेवलें आहे.

सडकेला असें उत्तर मिळालें नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार १८९८ च्या सुमारास आली. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं मोटारगाड्यांचा पहिला कायदा १९१४ सालीं झाला, आणि त्याची जागा १९३९ च्या अधिक विस्तृत कायद्यानें घेतली. ह्या दुसऱ्या कायद्यांत अपघात झाल्यावर हांकणाऱ्यानें काय करावें तें सांगितलें होतें: जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, आणि जागेवर पोलीस अधिकारी नसेल तर सर्वांत जवळच्या ठाण्यावर चोवीस तासांच्या आंत वर्दी द्यावी. १९८८ च्या कायद्यानेंही हीच भाषा कायम ठेविली. 'जवळचें ठाणें' हे त्यांतले दोन शब्द अर्थपूर्ण आहेत. वर्दी देणाऱ्याला हद्द शोधण्याचें कारण नाहीं, असें कायदा करणाऱ्यांना वाटलें असलें पाहिजे. पण वर्दी घेणाऱ्याचा कायदा निराळा होता. तो हद्दीचें नांव आधीं विचारी. एका कायद्यानें दार उघडावें आणि दुसऱ्यानें उंबरठ्यावर थांबवावें, असा हा प्रकार झाला.

स्वातंत्र्यानंतर ह्या विसंगतींत आणखी भर पडली. राज्यघटनेनें पोलीस हा विषय राज्यांकडे ठेविला व राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे दिले. १९५६ सालीं त्या महामार्गांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढें महाराष्ट्रांत १९९६ सालीं रस्ते विकास महामंडळ स्थापन झालें व द्रुतगति मार्गांचें युग सुरू झालें. सडक एकाची, पथकर दुसऱ्याचा आणि शिपाई तिसऱ्याचा, अशी वांटणी झाली. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. त्याची लांबी सुमारे ९४ किलोमीटर. मोटारीला दीड तासाचें अंतर. पण पनवेलकडील भाग नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांचा, खालापूर-खोपोलीचा रायगड जिल्ह्याचा, लोणावळ्याचा पुणें ग्रामीणचा, आणि २०१८ सालीं पिंपरी-चिंचवडचें आयुक्तालय निघाल्यापासून तळेगांवकडील टापू त्याचा. नागपूरहून मुंबईकडे येणारा समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरचा व दहा जिल्ह्यांतून जाणारा. त्यावरील हद्दी किती व्हाव्या!

मार्गावर धांवणारें वेगळें दल महाराष्ट्रानेंही उभारलें. त्यास महामार्ग पोलीस म्हणतात. वेगाला आळा घालणें, बिघडलेल्या गाड्या बाजूस काढणें, अपघाताच्या जागीं धांवून जाणें, जखमींना रुग्णालयांत पोंचविणें व वाहतूक मोकळी करणें हीं त्यांचीं कामें. पण गुन्हा नोंदविणें आणि तपास करणें हें काम स्थानिक ठाण्याकडेच राहिलें. लोहमार्ग पोलीस आणि महामार्ग पोलीस ह्यांच्यांतील खरा भेद हा आहे. एकाला रेघेची हद्द मिळाली व तिच्याबरोबर कागदही मिळाला. दुसऱ्याला रेघ मिळाली, पण कागद मिळाला नाहीं.

येथें वरवर पाहणाऱ्याला हें सारें आळसाचें किंवा निष्ठुरपणाचें लक्षण वाटेल. परंतु एक अपघात ठाण्यावर किती काम आणतो याचा हिशेब मांडला म्हणजे तो निकाल घाईचा ठरतो. जागेचा पंचनामा करावयाचा, मृताचा पंचनामा निराळा. शवविच्छेदनासाठीं प्रेत पाठवावयाचें, नातेवाइकांचा शोध घ्यावयाचा, गाड्यांची तपासणी करवून घ्यावयाची, साक्षीदारांचे जबाब घ्यावयाचे. ते साक्षीदार तर बहुधा परगांवचे वाटसरू. घटकेपूर्वीं तेथें नव्हते व घटकेनंतर नसतील. पुढें दोषारोपपत्र, आणि मग वर्षानुवर्षें न्यायालयाच्या तारखा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनीं नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठीं तपासी अंमलदारानें पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे धाडावा असें ठरविलें. मृताच्या विधवेच्या दृष्टीनें ही सुधारणा फार मोलाची आहे, ह्यांत शंका नाहीं. पण त्याच अंमलदाराच्या टेबलावर चोरीचे, मारामारीचे व बेपत्ता मुलांचे कागदही असतात, आणि सणावाराचा किंवा मंत्र्याचा बंदोबस्त आला कीं तेही तसेच पडून राहतात.

आतां माणसें किती तें पाहूं. १ जानेवारी २०२० रोजीं देशांतील राज्यांच्या पोलीस दलांत सुमारे २६ लाख २३ हजार जागा मंजूर होत्या. त्यांपैकीं सुमारे ५ लाख ३१ हजार रिकाम्या होत्या. पांचांतला एक शिपाई केवळ कागदावर उभा! अशा स्थितींत ज्या गांवच्या ठाण्याच्या टापूंतून मोठा महामार्ग जातो, त्यावर आपल्या वस्तीशीं कांहीं संबंध नसलेल्या परक्या लोकांच्या मरणाचा बोजा पडतो. त्याची तक्रार अशी कीं, सडकेच्या नांवानें जें दल नेमलें त्यानें सडकेचें काम पुरें करावें. महामार्ग पोलिसांचें उत्तर असें कीं, आमच्याकडे मोजकीं माणसें व मोजक्या गाड्या; कागदांत गुंतलों तर पुढच्या वळणावरील दुसऱ्या अपघाताला कोण धांवणार? प्रामाणिकपणें पाहिल्यास दोन्ही म्हणणीं खरीं आहेत, आणि म्हणूनच हा तंटा मिटत नाहीं. दोन उपाशी माणसें एका भाकरीसाठीं भांडतात. येथें दोन थकलेलीं माणसें एका ओझ्यासाठीं भांडतात, इतकाच फरक.

मात्र हा हिशेब चालू असतांना रस्त्यावर पडलेल्या माणसाचें घड्याळ थांबत नाहीं. हद्द विचारण्याची संवय पोलिसांपुरतीच राहिली नव्हती. ती रुग्णालयांतही शिरली होती. १९८९ सालीं परमानंद कटारा ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें जो निकाल दिला, त्याच्या मुळाशीं अशीच एक वृत्तपत्रांतील हकीगत होती. मोटारीची धडक बसून घायाळ झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयांत नेलें. तेथें पोलिसी प्रकरणें घेण्याची मुभा नाहीं म्हणून त्याला सुमारे वीस किलोमीटरांवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविलें, आणि तो वाटेंतच मेला. न्यायालयानें सांगितलें कीं, जीव वांचविणें हें पहिलें कर्तव्य व कायद्याचे सोपस्कार त्यानंतरचे. २०१६ सालीं मदत करणाऱ्या वाटसरूला त्याच न्यायालयाचें संरक्षण मिळालें. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण कायद्यांत आलें, तसेंच जखम झाल्यानंतरच्या पहिल्या एका तासाला 'सुवर्ण तास' म्हणून कायद्यांत स्थान मिळालें. देशांत २०२२ सालीं रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसें मेलीं. म्हणजे दर तासाला सुमारे १९. त्यांपैकीं ६१ हजारांवर मृत्यु राष्ट्रीय महामार्गांवर व द्रुतगति मार्गांवर झाले, आणि एकूण रस्त्यांच्या लांबींत राष्ट्रीय महामार्गांचा वांटा तर दोन-अडीच टक्क्यांचाच आहे. १ जुलै २०२३ च्या पहांटे समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी जळून मेले. ज्या ठाण्यांना परक्या मुलखाचा भार असह्य होतो, त्यांच्याच शेजारीं मृत्यूची अशी दाटी झालेली आहे.

कायद्यानें अलीकडे हद्दीची भिंत बरीच खालीं आणली आहे. हद्दीबाहेरचा गुन्हाही प्रथम नोंदवून घ्यावा व मागाहून योग्य ठाण्याकडे धाडावा, अशी सूचना केंद्रीय गृहखात्यानें २०१३ सालीं राज्यांना दिली. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें त्या सूचनेला कायद्याचें बळ दिलें. आतां 'ही आमची हद्द नव्हे' ह्या सबबीवर वर्दी नाकारतां येत नाहीं. ही प्रगति खरी आहे. पण वर्दी घेतल्यानें हात वाढत नाहींत. कागद एका ठाण्यांतून दुसऱ्यांत गेला, तरी तेथेंही तोच एकटा अंमलदार बसलेला असेल, तर भांडण उंबरठ्यावरून उठून टपालांत जाईल एवढेंच. ह्याच्या उलट, माणसें एकत्र बसलीं म्हणजे काय होतें त्याचाही दाखला आपल्याच दाराशीं आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०१६ सालीं १५१ माणसें मेलीं. त्याच सुमारास महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ व सेवलाइफ फाउंडेशन ही संस्था ह्यांनीं मिळून धोक्याच्या जागा शोधणें, कठडे बसविणें व जखमींना लवकर हलविणें हीं कामें हातीं घेतलीं, आणि २०२३ पर्यंत मृतांचा आंकडा निम्म्याहून खालीं आला. हद्दी होत्या तेथेंच राहिल्या. मधली रिकामी जागा मात्र कांहीं अंशीं भरून निघाली.

जुनी गांवकी परत आणावी असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु तिचा एक नियम उचलण्यासारखा आहे. माग शिवेवर पोंचला तरी जागल्या तेथेंच उभा राही, दुसरा येऊन तो पत्करीपर्यंत. आज ह्या नियमाला दोन गोष्टींची जोड हवी: सडकेच्या दलाला लोहमार्गाप्रमाणें पहिला कागद करण्याचा अधिकार, आणि तो अधिकार चालविण्याइतकीं माणसें. दुसरीवांचून पहिली देणें म्हणजे थकलेल्याच्या पाठीवर आणखी एक ओझें टाकणें होय. पोलिसांना निष्ठुर म्हणणें सोपें आहे व त्याला खर्च लागत नाहीं. रिकाम्या जागा भरण्याला लागतो. तो खर्च करावयाचा कीं नाहीं, हें सडकेवरून सुखानें जाणाऱ्या आपल्यासारख्यांनींच ठरवावयाचें आहे. कारण सडकेवर पडलेल्याला तें विचारण्याची शक्ति त्या वेळीं उरलेली नसते.